एकोणीस कोऱ्या चौकटी

मामा,

तुम्हाला पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत अडले. 'कसे आहात' विचारायला मला तोंड नाही, आणि 'मी बरी आहे' हे कळून तुम्हाला करायचंय काय? तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. त्या नारिंगाच्या झाडाची गोष्ट तुम्हाला अर्धी ठाऊक आहे. उरलेली अर्धी सतरा वर्षं मी दाबून ठेवली आहे. ती आता सांगायचीय. पण मी नोकरीला लागले त्या दिवशी तुम्हीच मला ऑफिसचा पहिला नियम शिकवला होतात, की आपला काटा आपण तपासायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा. 'मी, मी' करत लिहायला लागलं की बोट नकळत पारड्यावर टेकतं. म्हणून तिऱ्हाईतासारखी सांगते. गोष्टीत एक बाई आहेत. त्यांना सूट द्यायची नाही, असं ठरवून बसले आहे.

ऑफिस होतं वजनमापं तपासण्याचं. दुकानदारांनी आपापले तराजू, वजनं, लिटरची मापं, कापड मोजायच्या पट्ट्या घेऊन यायचं; वरच्या मजल्यावर ते सगळं प्रमाण वजनमापांशी ताडून बघायचं; बरोबर निघालं तर शिक्का, नाहीतर चला घरी. खाली मोठा हॉल. काचेचं दार, दारापासून भिंतीपर्यंत लाकडी बाकं, आणि बाकं संपतात तिथे कमरेएवढ्या मातीच्या कुंडीत हे नारिंग. शोभेचं झाड. उंचीला माणसाच्या खांद्यापर्यंत, पानं तेल लावल्यासारखी, आणि हिवाळ्यात लिंबाहून लहान अशी शंभर-सव्वाशे केशरी फळं. कुंडीला पाटी होती, 'फळे तोडू नयेत'. पाटी मामांनी स्वतः रंगवलेली, आणि अख्ख्या इमारतीत ती पाळणारे बहुधा तेच एकटे.

मामा हॉलचे शिपाई. दार उघडायचं, माणसांना रांगेनं बसवायचं, जड काटे हातगाडीवर घालून लिफ्टपर्यंत न्यायचे. झाड त्यांच्या कामात कधी लिहिलेलंच नव्हतं. कुठल्याशा समारंभाला भाड्यानं आणलेली कुंडी परत न्यायला कोणी आलं नाही, आणि ती मामांच्या गळ्यात पडली. गळ्यात पडलेल्या गोष्टीवर माणसाचा जीव जडतो तो असा, की अठरा वर्षांत मामांनी सलग चार दिवसांची रजा कधी घेतली नाही. मामी एकदा ऑफिसात येऊन सर्वांसमक्ष म्हणाल्या होत्या, "घरात दोन पोरी आहेत, हे यांना कोणीतरी कळवा. माहेरी गेले तर माझी चौकशी नाही, आणि त्या झाडाचं पान गळलं की जेवण जात नाही."

पाणी घालायची मामांची रीत वेगळी होती. शिक्क्याची एक मोडकी लाकडी मूठ त्यांच्या खिशात असे. रोज सकाळी दार उघडलं की ते कुंडीपाशी उकिडवे बसायचे आणि त्या मुठीनं कुंडीच्या पोटावर तीन जागी ठोकायचे. खण्ण वाजलं तर माती कोरडी, पाणी द्यायचं. बद्द वाजलं तर ओली, आज सुट्टी. वरच्या मजल्यावरच्या शिक्केवालीनं त्यांचं नाव टकटकमामा ठेवलं होतं. ती सगळ्यांनाच नावं ठेवायची. बाईंना ती 'मिलिग्रॅम' म्हणायची, अर्थात पाठीमागे.

बाई म्हणजे तपासणी विभागाच्या मुख्य. पदार्थविज्ञानाची पदवी, शिस्तीच्या कडक, आणि ज्याचं माप नाही ते नाहीच, असं मानणाऱ्या. बावन्नाव्या वर्षी विभागाची सूत्रं हातात आली आणि त्यांनी सगळ्या इमारतीचे तक्ते केले. घड्याळाला चावी कधी, काचा पुसायच्या कधी, लिफ्टला तेल कधी. झाडाचाही तक्ता झाला. महिन्याचं पान, दिवसाला एक चौकट. वर ठळक अक्षरांत: 'दोन लिटर. सोमवार, गुरुवार.'

"बाई," शिक्केवाली म्हणाली, "झाडाचा हजेरीपट झाला, आता त्याला किरकोळ रजा किती?"

"तुझ्याइतकी नाही," बाई म्हणाल्या.

मामांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "बाई, झाडाला वार कळत नाहीत हो."

"ऑफिसला कळतात."

"ऑफिसला नसतं पाणी लागत."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. मग त्या दोघांत तडजोड ठरली. मामांनी ठोकून बघायचं, लागेल तेव्हा, लागेल तेवढं घालायचं, आणि घातलेलं पाणी मापानं मोजून त्या दिवशीच्या चौकटीत लिहायचं. नाही घातलं तर चौकट कोरी. "पण जे झालं तेच लिहायचं," बाई म्हणाल्या. हे सांगायची गरज नव्हती. चुकीचा आकडा लिहिणं म्हणजे त्या इमारतीत चोरीच. वरची ओळ मात्र खोडायची राहिली. बाईंना वाटलं, असू दे, तक्ता नेटका दिसतो.

वर्षभर त्या चौकटी भरत गेल्या आणि बाईंना त्यांची गोडी लागली. उन्हाळ्यात दिवसाआड अडीच लिटर. पावसाळी हवेत आठ-आठ दिवस काही नाही. पाऊस हॉलमध्ये पडत नव्हता, पण मामा म्हणायचे, "हवाच ओली, ते तरी पिणार किती?" थंडी पडली की पाचव्या-सहाव्या दिवशी लिटरभर, तेही सकाळचं ऊन तिसऱ्या फरशीपर्यंत आल्यावर, कोमट करून. दर महिन्याला मामा कुंडी पाव फेरा वळवायचे, म्हणजे सगळ्या बाजूंना उजेड मिळे. बाईंनी त्या आकड्यांचा आलेख काढला, आणि आलेख असा सुरेख आला की त्यांनी तो आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला. स्वतःच्या लग्नाचा फोटो तिथून काढून.

मग थंडीच्या अखेरीला चौकटी कोऱ्या पडायला लागल्या. पाच, सात, दहा. बाई खाली उतरल्या तर पानं कडेनं वळलेली, झाड तोंड पाडून उभं.

"मामा! खण्ण वाजतंय ते ऐकू येत नाही का? कान गेले?"

"येतंय की. मुद्दाम ठेवलंय तसं." मामांनी आवाज खाली घेतला, जणू झाडाच्या कानावर जायला नको. "ताण दिलाय, बाई. तीन आठवडे पाणी तोडायचं. जिवाला धाक बसला की मगच ते फुलायचं मनावर घेतं. नुसते लाड केले तर पानंच काढत बसतं. बागायतवाले असंच करतात. माझा बाप करायचा."

"आणि मेलं म्हणजे?"

"ठोकतोय ना रोज. मरायच्या आधी आवाज फुटका येतो. त्याच्या आदल्या दिवशी पाणी."

बाविसाव्या दिवशी पाणी पडलं. पंधरवड्यात पांढऱ्या फुलांनी झाड असं भरलं, की काटा तपासायला आलेले दुकानदार काम झाल्यावरही बाकांवरून उठेनात. बाईंनी आलेखावर त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहून ठेवलं, 'ताण'. हे नीट लक्षात ठेवा. त्यांना माहीत होतं. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी नवे साहेब आले. ते आले ते नेमके ताणाच्या एकोणिसाव्या दिवशी. पुढच्या आठवड्यात वरून पाहणीला मंडळी यायची होती आणि साहेबांना हॉल चकाचक हवा होता. त्यांनी माना टाकलेली पानं बघितली, भिंतीवरचा तक्ता बघितला. 'दोन लिटर. सोमवार, गुरुवार.' खाली एकोणीस चौकटी कोऱ्या. त्यांनी तिथल्या तिथे, दहा-बारा माणसं बाकांवर बसलेली असताना, दोघांना बोलावलं.

"हे झाड कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे," मामा म्हणाले.

"एकोणीस दिवस पाणी नाही. तुमच्याच हातचा तक्ता आहे. काय म्हणणं आहे?"

मामांनी ताणाचं सांगायला सुरुवात केली. साहेबांनी मध्येच तोडलं. "म्हणजे झाड वाढावं म्हणून तुम्ही त्याला उपाशी ठेवता. घरीसुद्धा असंच चालतं का?" बाकांवरचे दोघेतिघे हसले. मामांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "बाईंना विचारा. त्यांना सगळं माहीत आहे."

साहेब बाईंकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं? तुम्ही हे होऊ दिलंत?"

आता एवढंच म्हणायचं होतं की हो, माहीत होतं; वर टेबलावर आलेख आहे, दाखवते. चार शब्द. पण बाईंची उपसंचालकपदाची शिफारस त्याच आठवड्यात साहेबांच्या सहीला गेलेली होती. आणि खरं सांगायचं तर तेही पुढचं. आधी वाटली ती लाज. सबंध हॉलसमोर, शिपायाच्या बापाच्या युक्तीची वकिली पदार्थविज्ञानवाल्या बाईंनी करायची? त्या म्हणाल्या:

"तक्ता माझा आहे. पाणी घालणं माझं काम नाही."

वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तेच तर त्याचं पाप. मामांनी बाईंकडे एकदा पाहिलं आणि मग कुंडीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा तळघरात. तिथे जुन्या वजनांचं कोठार होतं. बाद झालेली लोखंडी वजनं, गंजलेली पारडी, एक दिवा, आणि छताशी वीतभर जाळी. हॉलमधून खाली बावीस पायऱ्या; लिफ्ट तिथवर उतरत नव्हती. मामांच्या गुडघ्यांना त्या बावीस पायऱ्या म्हणजे काय होत्या ते सगळ्या ऑफिसला माहीत होतं, कारण दुपारच्या चहाला ते वर यायचे बंद झाले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं हॉलच्या दारात उभं राहून काढायची, आणि जाताना झाड कोणाच्या तरी हातात नीट सोपवायचं, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं. ते त्यांनी बाईंना बोलूनही दाखवलं होतं.

झाडाचं काम दारावरच्या पहारेकऱ्याकडे गेलं. साहेबांनी हुकूम दिला, रोज दोन लिटर, रोज खूण. ताण नेमका मोडायच्या वेळी मोडला गेला, तेव्हा झाड फुललं, आणि नुसतं फुललं नाही, ओसंडलं. पाहणीची मंडळी पुढच्या आठवड्याऐवजी तिसऱ्या आठवड्यात आली आणि वासानंच गार झाली. साहेब त्यांना म्हणाले, "नियमित पाणी. बाकी काही नाही. आधी इथे फार हयगय होती." बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. हलवली म्हणजे, हलली.

हजेरीचं पुस्तक बाईंच्या खोलीत असायचं. मामा रोज मागच्या जिन्यानं, कठडा धरत, सही करायला यायचे. त्या दिवशी सही करून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "फुललं ना? जाळीतून वास आला खाली."

"फुललं."

"बरं झालं." पुस्तक मिटता मिटता म्हणाले, "बाई, हसू नका. अठरा वर्षं पाणी घातलं, पण त्याची चव मला माहीत नाही. पाटी मीच लावलेली, तोडणार कसं? आता काय, ते माझं राहिलं नाही. या हिवाळ्यात पिकलं की एक आणून द्याल का खाली? आंबट आहे की कडू, तेवढं कळलं की झालं. बी मिळालं तर घरी डब्यात लावीन."

"हात्तिच्या, एकच? चार आणीन," बाई म्हणाल्या. इतक्या मोकळेपणानं म्हणाल्या की मामा हसले. त्या हसण्यानं बाईंना सगळा दिवस बरं वाटलं. एवढ्या स्वस्तात आपण सुटलो, असं.

उन्हाळाभर रोजचे दोन लिटर झाडानं कसेबसे पचवले. पावसाळी हवा आली तशी पानं पिवळी पडायला लागली. बुंध्याशी डिंक सुटला. माती आंबूस वास मारू लागली. तक्त्यात मात्र महिन्यामागून महिना एकही चौकट रिकामी नाही. असा देखणा तक्ता त्या भिंतीवर कधी लागला नव्हता. एकदा हॉलमध्ये कोणी नसताना बाईंनी पेनाच्या टोपणानं कुंडीवर ठोकून पाहिलं. बद्द. दुसऱ्या जागी, बद्द. तिसऱ्या जागी ठोकायची गरज नव्हती, तरी ठोकलं. आलेख घेऊन साहेबांकडे जायला त्यांना पंचवीस पावलं लागली असती. पण गेलं, की पहिला प्रश्न येणार, मग हे तेव्हा का नाही बोललात? उपसंचालकपद तोवर मिळालेलं होतं. त्या वर गेल्या आणि काचेखालचा आलेख काढून फायलीत घातला.

शिक्केवाली एवढंच म्हणाली, "टकटकमामा असते तर." बाई तिच्यावर खेकसल्या, की शिक्के मार. ती आपल्या जागेवर बसली आणि शाई लावता लावता म्हणाली, "मारतेच आहे. माझ्यावर ओरडून झाड सुधारत असेल तर अजून ओरडा."

हिवाळ्यात अर्धंअधिक झाड बोडकं होतं, तरी शेंड्याकडे वीस-पंचवीस फळं केशरी झाली. एका दुपारी बाईंनी पाटीकडे न बघता एक फळ तोडलं. तोडलं आणि, सवय मेली, आधी वर नेऊन तोललं. अठरा ग्रॅम, दोनशे चाळीस मिलिग्रॅम. कागदी पाकिटात घातलं, वर वजन आणि तारीख लिहिली, आणि त्या तळघराच्या जिन्याकडे निघाल्या.

नऊ पायऱ्या उतरल्या. खालून आवाज येत होता, टक, टक, टक. मामा त्याच मुठीनं लोखंडी वजनं ठोकत होते. त्यात ऐकायचं काय होतं? लोखंड खण्णच वाजणार, रोज, सगळ्या ऋतूंत. हाताला सवय, दुसरं काय. बाई तिथे जिन्यात उभ्या राहिल्या. हे फळ हातात दिलं की मामा विचारणार, कसं आहे झाड? आणि त्या अंधारात, त्या माणसासमोर, 'मरतंय' म्हणावं लागणार. कशानं, तेही. बाई वळल्या आणि नऊ पायऱ्या परत चढल्या. उद्या देऊ, असं म्हणाल्या. मनातल्या मनात.

पुढच्या उन्हाळ्याआधी झाड वाळलं. कुंडी मागच्या अंगणात गेली, हॉलमध्ये प्लॅस्टिकची वेल आली. मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण बाईंनीच केलं. 'सचोटी' हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. मामांनी हात जोडले. जाताना मागच्या अंगणातून गेले, रिकाम्या कुंडीपाशी थांबले, खिशातून मूठ काढली आणि एकदा ठोकून बघितलं. बाई खिडकीत होत्या. आवाज त्यांना ऐकू आला नाही.

त्यानंतर भेट एकदाच झाली, चार वर्षांपूर्वी, डोळ्यांच्या दवाखान्यात. दोघांच्याही डोळ्यांत थेंब घातलेले, दोघांनाही समोरचं धूसर. बाई परिचारिकेवर करवादत होत्या, "आणखी किती वेळ?" तेव्हा शेजारच्या बाकावरून आवाज आला, "बाईच ना? आवाजात फरक नाही हो."

मामांबरोबर त्यांची धाकटी लेक होती. मामी गेल्या, आता आपण लेकीकडे असतो, गॅलरीत ऊन चांगलं येतं, असं मामांनी सांगितलं. मग जरा पुढे झुकून म्हणाले, "बाई, एक विचारायचं राहिलंय. ते फळ. आंबट होतं की कडू?"

बाईंनी ते कधी चाखलंच नव्हतं. चाखलं असतं तर ते मामांचं राहिलं नसतं, एवढी लाज त्यांना उरलेली होती. पण त्या म्हणाल्या, "आंबट."

"मला वाटायचं कडू असेल," मामा म्हणाले. "आंबट का. बरं झालं सांगितलंत." आणि त्यांनी 'आंबट' हा शब्द पुन्हा एकदा हळूच उच्चारून पाहिला. "कुठे एखादं बी राहिलं असेल तर बघा हां, बाई. गॅलरीत डबा आहे रिकामा."

"बघते ना. पाठवते."

लेकीनं पत्ता लिहून दिला. तो बाईंच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. पोस्ट ऑफिस घरापासून चार मिनिटांवर.

झाली गोष्ट, मामा. काल पाकीट ड्रॉवरमधून काढलं. फळ सुपारीसारखं टणक झालंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर चार ग्रॅम भरलं. हलवलं की आत बिया वाजतात, दोन किंवा तीन. उगवतील की नाही, मला सांगता येत नाही. ते तुम्ही ठोकून सांगाल. पाकिटावर वजन आहे, तारीख आहे. तुमचा पत्ता घालायला आज सकाळी पेन काढलं होतं. तेवढ्यात दूधवाला आला.